मंडालेहून आलेली मौनसाधना

आषाढ शुद्ध पौर्णिमा आली की आपल्या घरोघरी व्यासांचे स्मरण होते. कोणी आपल्या दीक्षागुरूंच्या पादुकांवर अभिषेक करतात, कोणी मठात जाऊन दर्शन घेतात, आणि ज्यांना कोठेच जाणे जमत नाही ते देवघरातल्या पोथीलाच गुरू मानून तिच्यावर फूल वाहतात. शयनी एकादशीस चातुर्मास लागलेला असतो. कोणी कांदालसूण वर्ज्य केलेली असते, कोणी एकभुक्त राहण्याचा नेम धरलेला असतो. कोकणात तर या सुमारास पाऊस असा ठाण मांडून बसलेला असतो की, नेम नसला तरी माणसाने घरातच बसावे, अशी जणू निसर्गाचीच आज्ञा असावी.

याच पौर्णिमेला आणखी एक गुरुपरंपरा आपला आरंभदिन मानते, हे मात्र आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानी नसते. बोधी प्राप्त झाल्यावर भगवान बुद्धांनी सारनाथच्या मृगवनात आपल्या पाच जुन्या सोबत्यांना पहिला उपदेश केला, तो दिवस आषाढी पौर्णिमेचाच. दुसऱ्याच दिवसापासून भिक्षूंचा वर्षावास सुरू होतो. पावसाळ्यात रानोमाळ हिंडले तर शेतकऱ्याचे कोवळे पीक तुडवले जाते, ओल्या मातीतले जीवजंतू पायाखाली मरतात, म्हणून तीन महिने एका जागी राहावे, असा तो दंडक. आपला चातुर्मास आणि त्यांचा वर्षावास ही दोन्ही या भूमीतल्या पावसाचीच अपत्ये आहेत, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

यंदाच्या गुरुपौर्णिमेस आम्ही वाचकांपुढे जो विषय मांडत आहोत, तो या दुसऱ्या परंपरेतील आचार्यांचा. दहा दिवस, वीस दिवस, कधी महिना दीड महिना माणसांना मौनात बसवून त्यांच्याकडून अंतर्मुखतेचा अभ्यास करून घेणारे हे आचार्य बहुधा भिक्षू नसतात. ते संसारी गृहस्थ असतात, त्यांत स्त्रियाही असतात. आणि त्यांच्या परंपरेचा धागा शोधीत मागे जावे तर तो ज्या नगरीशी पोहोचतो, तिचे आमच्या रत्नागिरीशी एक विलक्षण नाते आहे.

ती नगरी म्हणजे मंडाले. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६ सालचा. त्यांनी बंदिवास भोगला मंडालेस, १९०८ ते १९१४ पर्यंत. आणि मंडालेच्या सिंहासनावरचा शेवटचा ब्रह्मी राजा थिबा याने बंदिवास भोगला तो रत्नागिरीस. १९१०च्या अखेरीपासून टिळक मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहीत होते, आणि त्याच १९१० साली थिबासाठी रत्नागिरीच्या टेकडीवर बांधलेला लाल राजवाडा पुरा झाला होता. काळाने केलेली ही अदलाबदल कोणा कादंबरीकाराने रचली असती तर आपण ती कृत्रिम म्हणून बाजूला ठेवली असती. गीतारहस्याच्या परिशिष्टात लोकमान्यांनी गीता आणि बौद्ध ग्रंथ यांच्या संबंधाचा स्वतंत्र विचार केलेला आहे, हेही येथे सांगितले पाहिजे.

थिबाराजाविषयी आपल्याकडे ज्या कथा सांगितल्या जातात त्या त्याच्या माणकांच्या, त्याच्या राण्यांच्या आणि त्याच्या कर्जाच्या. परंतु हा राजा तरुणपणी मठात राहून पाली धर्मग्रंथांचा अभ्यास केलेला आणि १८७७ साली त्या ग्रंथांच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला विद्यार्थी होता, हे फारसे कोणी सांगत नाही. त्याचे वडील मिंडॉन हे धर्मनिष्ठ राजे. त्यांनी १८७१ साली मंडालेस पाचवी धर्मसंगीती भरवली आणि संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरवून घेतले. त्या शिळा आजही मंडालेच्या कुथोडॉ पॅगोड्याच्या आवारात, प्रत्येक शिळेवर एक छोटे पांढरे देऊळ अशा रांगांनी उभ्या आहेत. धर्म राखावयाचा तो राजाने, हीच ब्रह्मदेशाची शतकानुशतकांची रीत होती.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले. राजाला आधी मद्रासेस आणि १८८६च्या एप्रिलात रत्नागिरीस आणले. तेथेच तीस वर्षे काढून डिसेंबर १९१६ मध्ये त्याने देह ठेवला. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे, आणि २०१२ सालच्या डिसेंबरात म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन तिच्या दर्शनास येऊन गेले. राजवाडा आता पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात आहे.

राजा गेला, तेव्हा तिकडे एक प्रश्न उभा राहिला. ज्याने धर्म राखावयाचा तोच समुद्रापार कैदेत पडला असता धर्म कोणी राखावा? या प्रश्नाला ज्यांनी उत्तर दिले ते लेडी सयाडो. ‘सयाडो’ ही ब्रह्मी लोकांत ज्येष्ठ भिक्षूंना दिली जाणारी आदराची पदवी. त्यांचा जन्म १८४६चा. अध्ययन मंडालेत झाले, आणि पुढे मोन्यवा गावाजवळच्या लेडी अरण्यात त्यांनी आश्रम बांधला. म्हणून हे नाव. त्यांनी असे ठरवले की, राजा नसेल तर धर्म प्रजेच्या हाती सोपवावा. शास्त्र सोप्या ब्रह्मी भाषेत लिहावे, आणि जे ध्यान आजवर वनवासी भिक्षूंपुरते मानले जात होते ते शेतकऱ्याला, कारकुनाला, घरधनिणीला शिकवावे. आमच्या वाचकांना विशेष वाटेल अशी एक गोष्ट येथे नमूद करतो. राजा गेल्यानंतरच्या त्या दिवसांत लेडी सयाडोंनी एक पत्रक काढून आपल्या देशबांधवांना गोमांस वर्ज्य करण्याची विनंती केली होती. जो बैल आपल्यासाठी नांगर ओढतो आणि जी गाय आपल्याला पोसते त्यांच्या उपकारांची जाणीव ठेवावी, असा त्या पत्रकाचा रोख होता.

लेडी सयाडोंच्या शिष्यांपैकी सया थेटजी हे रंगूनपलीकडच्या खेड्यातील एक शेतकरी. पटकीच्या साथीत पोटची मुले आणि आप्त गमावल्यावर दुःखाचा उपाय शोधीत ते घराबाहेर पडले आणि वर्षांनी आचार्य होऊन परतले. त्यांचे शिष्य सयाजी ऊ बा खिन हे सरकारी हिशेबनीस. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा ते त्या देशाचे महालेखापाल झाले, आणि १९५२ साली त्यांनी रंगूनमध्ये ध्यानकेंद्र स्थापिले. आणि त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका. ते मूळचे मारवाडी कुटुंबातले. त्यांचा जन्म १९२४ सालचा, आणि तोही कोठला, तर मंडालेचाच!

गोएंकाजींची हकीकत आम्हांस येथे थोडी विस्ताराने सांगावयाची आहे, कारण त्यांच्यापुढे उभी राहिलेली अडचण हीच आपल्या घरातल्या अनेकांची अडचण आहे. ते कट्टर सनातनी वैष्णव घरात वाढले. रंगूनच्या हिंदू समाजाचे ते पुढारी होते. गीतेतल्या स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर ते भाषणे देत, आणि घरी येऊन पाहत तो आपल्याजवळ त्यांतले एकही लक्षण नाही. त्यांना अर्धशिशीचा असा भयंकर विकार जडला होता की झटका आला की मॉर्फीन टोचून घ्यावे लागे. परदेशातले डॉक्टर झाले, गुण आला नाही. एका स्नेह्याने ऊ बा खिन यांचे नाव सुचवले. परंतु बौद्धांच्या शिबिरात जावे तर आपला धर्म जातो की काय, या शंकेने त्यांचे पाऊल अडले. ऊ बा खिन यांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या, असे गोएंकाजींनी स्वतःच आपल्या प्रवचनांतून वारंवार सांगितले आहे. पहिली ही की, डोकेदुखी बरी करण्यासाठी येणार असाल तर येऊ नका. ही विद्या चित्तशुद्धीसाठी आहे. दुसरी ही की, सदाचार, चित्ताची एकाग्रता आणि प्रज्ञा यांना हिंदूंचा विरोध आहे काय? या तिन्हींवाचून चौथे काही येथे शिकवले जात नाही. १९५५ साली ते पहिल्या शिबिरास बसले. पुढची चौदा वर्षे त्यांनी गुरूंपाशी अभ्यास केला.

१९६९च्या जूनमध्ये ते भारतात आले ते मुख्यतः आजारी आईसाठी. ३ जुलै १९६९ रोजी मुंबईच्या एका धर्मशाळेत त्यांनी पहिले शिबिर घेतले. साधक मोजकेच, आणि त्यांत त्यांचे आईवडीलही. मुलाने गुरुस्थानी बसावे आणि जन्मदात्यांनी त्याच्यासमोर शिष्य होऊन बसावे, हा प्रसंग आपल्या कपिल-देवहूतीच्या कथेची आठवण करून देणारा आहे. १९७६ साली नाशिक जिल्ह्यात इगतपुरीस ‘धम्मगिरी’ उभी राहिली. २००९च्या फेब्रुवारीत मुंबईजवळ गोराईस जो विश्व विपश्यना पॅगोडा राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते लोकार्पण झाला, त्याच्या घुमटाखाली एकही खांब नाही, आणि सुमारे आठ हजार माणसे एकत्र ध्यानास बसू शकतात. तो ब्रह्मदेशाच्या ऋणाची खूण म्हणून मुद्दाम तिकडच्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या आकारावर बेतला आहे. गोएंकाजी २९ सप्टेंबर २०१३ रोजी निवर्तले.

आता शिबिरात होते काय ते पाहू. पहाटे चारला घंटा होते. साडेचारपासून रात्री नऊपर्यंत, भोजन-विश्रांतीचा वेळ वगळता, दहा तासांहून अधिक काळ ध्यान. दुपारचे जेवण अकराला. त्यानंतर नवख्या साधकास सायंकाळी पाचला चहा आणि थोडे फळ-कुरमुरे मिळतात. जुन्या साधकास तेही नाही, लिंबूपाणी तेवढे. रात्री तासाभराचे प्रवचन. पहिल्या दिवसापासून दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत पूर्ण मौन, म्हणजे नुसते न बोलणे नव्हे, तर खाणाखुणा, नजरानजर, चिठ्ठीचपाटीदेखील नाही. हिंसा, चोरी, अब्रह्मचर्य, असत्य आणि मादक पदार्थ या पाचांपासून दूर राहण्याचे व्रत प्रथम घ्यावयाचे असते. पहिले साडेतीन दिवस केवळ आनापान, म्हणजे नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे, तो जसा आहे तसा, पाहत राहणे. श्वास लांब करावयाचा नाही, रोखावयाचा नाही. म्हणून यास प्राणायाम म्हणता येत नाही. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते. डोक्यापासून पायापर्यंत शरीरावर उमटणाऱ्या संवेदना क्रमाने पाहावयाच्या. सुखद संवेदनेला धरून ठेवावयाचे नाही, दुःखद संवेदनेला झिडकारावयाचे नाही. त्या उपजतात आणि विरतात, एवढे अनुभवावयाचे. त्या दिवसापासून रोज तीन वेळा एकेक तास आसन न मोडता, हातपाय न हलवता बसण्याचे अधिष्ठान असते. दहाव्या दिवशी मौन सुटते आणि सर्व प्राणिमात्रांविषयीच्या मैत्रीभावनेचा अभ्यास दिला जातो.

एवढे वाचून सुज्ञ वाचक विचारतील, की यात आचार्यांचे काम ते काय? विशेषतः ज्यांस ठाऊक आहे की, साधनेच्या सूचना आणि रात्रीची प्रवचने आजही गोएंकाजींच्या ध्वनिमुद्रित आवाजातच दिली जातात, त्यांच्या मनात ही शंका अटळ आहे. यंत्रातून येणारा गुरू हा कसला गुरू, असे आम्हांसही प्रथम वाटले होते. परंतु प्रत्यक्ष पाहता लक्षात येते की, आवाज सर्वांना एकच सांगतो, आणि माणसे तर एकसारखी नसतात. कोणाची पाठ भरून येते, कोणाला सारखी झोप अनावर होते, कोणाला तिसऱ्या दिवशी वीस वर्षांपूर्वीचे भांडण आठवून रडू कोसळते, कोणाला डोळे मिटताच तेज दिसू लागते आणि आपणास साक्षात्कार झाला असे वाटू लागते. यांतल्या प्रत्येकाला वेगळे उत्तर हवे असते. आचार्य पाच-सहा साधकांना जवळ बोलावून हळू आवाजात एकेकाची चौकशी करतात. दुपारी बारा वाजता ज्यांना शंका असेल त्यांनी एकेकट्याने भेटावे, अशी मुभा असते. पुरुषांना पुरुष आचार्य, स्त्रियांना स्त्री आचार्या.

आणि हे उत्तर फार थोडक्यात द्यावे लागते. अनुभवी आचार्यांची खरी परीक्षा येथेच होते, असे आमचे मत आहे. ज्याला तेज दिसले त्याची स्तुती करावयाची नाही आणि त्याला हिणवावयाचेही नाही. श्वास जाणवतो का, एवढेच विचारावयाचे. ज्याची पाठ दुखते त्याला भिंतीचा टेका द्यावा की आणखी थोडे बसवावे, हे त्या माणसाच्या वयाकडे आणि चेहऱ्याकडे पाहून ठरवावयाचे. पोथीत लिहून ठेवता येईल अशी ही विद्या नव्हे. आमच्या कोकणातला जाणता नावाडी खाडीच्या मुखाशी पाण्याचा रंग पाहून जसा सुकाणू फिरवतो, तसे काहीसे हे आहे.

असे आचार्य होतात तरी कसे? वर्षानुवर्षे सकाळ-संध्याकाळ तासभर साधना, वरचेवर दहा दिवसांची शिबिरे, मधूनमधून स्वयंपाकघरात भाजी चिरण्याची आणि न्हाणीघरे धुण्याची सेवा, आणि मग वीस, तीस, पंचेचाळीस दिवसांची दीर्घ शिबिरे. या दीर्घ शिबिरांत नवख्याला प्रवेशच नाही. एवढ्यावर सहायक आचार्य म्हणून नेमणूक होते. मानधन काही नाही. चरितार्थ ज्याचा त्याने चालवावयाचा. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, व्यापारी, पतिपत्नी दोघेही आचार्य असलेली जोडपी असे सर्व या वर्गात आढळतात. साधकांकडूनही शुल्क घेतले जात नाही. दहा दिवस पुरे केल्यावर ज्याला द्यावेसे वाटेल त्याने द्यावे, आणि ज्याने एकही शिबिर पुरे केलेले नाही त्याचे दान घेतले जात नाही. गुरुपौर्णिमेच्या दिवशी हे लिहिताना थोडा संकोच होतो, पण सांगितलेच पाहिजे: या परंपरेला व्यक्तिपूजा मान्य नाही. आचार्यांनी वाट दाखवावी आणि बाजूला व्हावे, एवढाच त्यांचा अधिकार.

स्त्रियांना ही वाट दुर्गम आहे असे समजण्याचेही कारण नाही. गोएंकाजींच्या परंपरेहून निराळ्या, पण ब्रह्मदेशातूनच आलेल्या महासी सयाडोंच्या परंपरेतील दीपा मा यांचे उदाहरण घ्या. त्या चितगावकडच्या. दोन मुले लहानपणीच गेली, पाठोपाठ पती गेले, शरीर खंगले. रंगूनमध्ये त्या ध्यानास बसल्या आणि पुढे कलकत्त्यास एका लहानशा खोलीत राहून शेजारपाजारच्या गृहिणींना, दूरदेशांहून आलेल्या साधकांनाही, चुलीपुढे बसल्या बसल्या शिकवीत राहिल्या. १९८९ साली त्या गेल्या.

आता मुख्य अडचणीकडे वळतो. शिबिराच्या काळात माळ, जप, स्तोत्रपाठ, पूजा, उदबत्ती, उपवास, इतर कोणत्याही साधनेचा अभ्यास हे सर्व बाजूला ठेवावे लागते. ही अट ऐकताच पुष्कळ श्रद्धावान माणसे तेथूनच मागे फिरतात. त्यांना आम्ही दुबळे म्हणणार नाही. ज्याने चाळीस वर्षे एक दिवस न चुकता जप केला, त्याला तो दहा दिवस थांबवा म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे.

रत्नागिरीतील आमच्या परिचयाच्या एका काकूंची गोष्ट सांगतो. त्यांचे घराणे पावसच्या स्वामी स्वरूपानंदांना मानणारे. स्वामी १९७४ साली समाधिस्थ झाले. त्यांचा सोऽहं साधनेचा वारसा नाथपरंपरेचा, आणि काकू लहानपणापासून श्वासाबरोबर सोऽहं म्हणत आलेल्या. यजमान गेल्यावर दोन वर्षे त्यांना झोप लागेना, देवापुढे बसले तरी मन बसेना. मुंबईच्या भाचीने इगतपुरीचे सुचवले. देवांची पूजा मुलाने पत्करली, कुळाचार सुनेने पत्करला. पण जपाचे काय? त्यांनी घरच्या उपाध्यायांना विचारले, मठातल्या एका वृद्ध साधकांना विचारले. एकाने जाऊ नका म्हटले, दुसऱ्याने निश्चिंत जा म्हटले. शेवटी त्या गेल्या.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. श्वास पाहावयास बसल्या की सोऽहं आपोआप उमटे. साठ वर्षांची सवय. ती दारात चपला काढून ठेवाव्या तशी ठेवता येते थोडीच! तो दाबून टाकावा तर गुरुद्रोह, चालू ठेवावा तर येथल्या शिस्तीचा भंग. दुपारी त्या आचार्याबाईंपुढे जाऊन बसल्या आणि डोळ्यांत पाणी आणून सारे सांगितले. आचार्याबाई मराठीच होत्या. त्यांनी काकूंना नामाचा निषेध सांगितला नाही, की आपल्या मार्गाचे श्रेष्ठत्वही सांगितले नाही. नाम आले तर आले, त्याच्याशी झगडू नका; मात्र आपण होऊन त्यात भर घालू नका, आणि नाकाशी श्वासाचा जो स्पर्श आहे तिकडे या, एवढेच सांगितले. माळ टाकावयाची नाही, दहा दिवस पेटीत ठेवावयाची आहे. घरी गेल्यावर तिचे काय करावयाचे ते तुमचे तुम्ही ठरवाल, हेही सांगितले. काकू दहा दिवस पुरे करून आल्या. झोप येऊ लागली. पण निर्णय काही झालेला नाही. दोन साधना एकत्र कालवू नयेत, एक धरावी, असे तिकडचे आचार्य स्पष्ट सांगतात. आणि काकूंना दोन्ही सोडवत नाहीत. पहाटे एक आणि सायंकाळी दुसरी अशी सध्या त्यांची वाटणी आहे, आणि आपण दोन्हीकडे अपुऱ्या पडतो अशी रुखरुखही आहे. ती रुखरुख आम्हांस खोट्या समन्वयापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. सर्व मार्ग एकच, असे सभेत म्हणणे सोपे. प्रत्यक्ष आसनावर बसणाऱ्याला ते कसे एक करावे ते कळत नाही.

तथापि, या दोन मार्गांचा शेजार आमच्या जिल्ह्याला नवा नाही. दापोली तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजीची लेणी आहेत. संख्या एकोणतीस. मधुसूदन नरहर देशपांडे यांनी त्यांचा सविस्तर अभ्यास करून ग्रंथ लिहिला. प्रारंभीची लेणी हीनयान भिक्षूंच्या निवासासाठी, साधारण तिसऱ्या शतकापासून खोदलेली. दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास तेथे वज्रयानी बौद्ध साधक होते. पुढे शिलाहारांच्या काळात शिव आणि गणपती यांची उपासना आली. आणि त्यानंतर तीच लेणी नाथपंथीयांची झाली. थोडे बाजूला ‘गौर लेणे’ म्हणून जे आहे, त्यात चौऱ्याऐंशी सिद्धांच्या मूर्ती आहेत. ज्या नाथपंथातून गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव ही आपली गुरुमालिका आली, तो पंथ बौद्ध भिक्षूंच्या रिकाम्या कोठड्यांत येऊन ध्यानास बसला. वर्षावासातल्या भिक्षूने याच नदीचा पूर पाहिला असेल आणि कानफाट्या योग्यानेही. आज इगतपुरीस शिकवली जाणारी पद्धत पन्हाळेकाजीच्या भिक्षूंचीच होती, असा दावा करण्यास मात्र काही आधार नाही. आणि तो आम्ही करीतही नाही.

मराठी माणसाने या विद्येच्या शोधात ब्रह्मदेश गाठला तोही गोएंकाजी इकडे येण्यापूर्वी कित्येक वर्षे. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप असे हिंडत १९०२ साली त्यांनी प्रव्रज्या घेतली, आणि पुढे ज्ञानतिलोक नावाच्या जर्मन भिक्षूच्या सोबतीने मंडालेनजीक सगाइंगकडे राहून ध्यानाचा अभ्यास केला. त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र ज्यांनी वाचले नसेल त्यांनी या चातुर्मासात अवश्य वाचावे. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचे मूळ गाव याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातील आंबडवे, त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा घेऊन बुद्धांचे नाव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पुन्हा नेले. आपल्या दशावतारांत बुद्धांची गणना आहे खरी. परंतु आपले बौद्ध बांधव ती मान्य करीत नाहीत. शिबिराच्या धम्मसभागृहात शेजारच्या आसनावर त्यांच्यापैकी कोणी बसलेले असते, आणि दहा दिवस कोणी कोणाला नावगाव विचारीत नाही. कित्येक उपदेशांनी जे साधत नाही ते या न विचारण्याने साधते, असे आम्हांस दिसले.

तुरुंगांतही हे आचार्य गेले आहेत. १९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात शिबिर झाले. १९९४ साली दिल्लीच्या तिहार कारागृहात, किरण बेदी तेथे महानिरीक्षक असताना, एका वेळी सुमारे हजार बंदी दहा दिवस मौनात बसले. तेथे तुरुंगाच्या भिंतींच्या आत राहून शिकवावे लागते.

एक सावधगिरीचा शब्द लिहिणे कर्तव्य आहे. ही साधना तीव्र आहे. ज्यांना मनाचा गंभीर विकार आहे, ज्यांची त्यासाठी औषधे चालू आहेत, त्यांनी ती औषधे सोडून शिबिरात जाण्याचे धाडस करू नये; तेथले नियमही अशा रुग्णांना परावृत्त करतात. प्रवेश-अर्जात प्रकृतीची माहिती विचारलेली असते. ती लपवून पुष्कळजण आपलेच नुकसान करून घेतात. अर्ध्यातून उठून येणे हेही इष्ट मानलेले नाही, म्हणून दहा दिवसांची मोकळीक नक्की असल्याखेरीज नाव नोंदवू नये. घरात लग्नमुंज ठरलेली असताना, आजारी माणूस अंथरुणावर असताना शिबिरात बसणाऱ्याचे शरीर तेवढे तेथे असते.

कोकणातून इगतपुरीस जाऊ इच्छिणाऱ्यांनी रेल्वेने ठाण्यास उतरून नाशिककडची गाडी धरावी. स्थानकापासून धम्मगिरी जवळच आहे. अर्ज बराच आधी करावा लागतो, कारण जागा लवकर भरतात, आणि स्त्रियांच्या व पुरुषांच्या जागा वेगवेगळ्या मोजल्या जातात. पावसाळ्यात सह्याद्रीच्या त्या माथ्यावर कपडे वाळत नाहीत, तेव्हा दोन जोड अधिक घ्यावेत. घोंगडी किंवा शाल, छत्री, नेहमीची औषधे सोबत असावीत. पुस्तक, वही, लेखणी आणि दूरध्वनियंत्र प्रवेशाच्या वेळीच जमा करावे लागते. जपमाळ ज्यांची असेल त्यांनी ती घरी देवापाशी ठेवून निघावे, किंवा तेथे कार्यालयात द्यावी. ती अकराव्या दिवशी सकाळी परत मिळते.